कोकमाच्या रंगापर्यंत चालेल

रात्री अडीचला कॅज्युअल्टीच्या दारात
हिराबाई वैती, वरळी कोळीवाड्याची,
हातात पाण्याची बाटली,
बाटलीत लाल.
"शिस्टर, खडा काढलात का काळीज?"

आम्ही म्हणालो, आत नळी आहे, ती घासते,
म्हणून रक्त. होतं असं.
ती म्हणाली, मंग ह्ये दुपारी का नाय सांगितलंव?

दुपारी सांगितलं होतं.
तीन पानांवर, इंग्रजीत,
एक्स-रेच्या पाकिटात घालून.

चौबळ सरांनी रजिस्टर मागवलं.
तीन महिन्यांत एकशे बारा ऑपरेशनं,
एकतीस जण परत, बहुतेक रात्रीचे.
त्यांतले तेवीस फक्त घाबरलेले.
"फक्त" मी लिहिला, मग खोडला.
लघवीला बसताना ज्याच्या बरगडीखाली सुरी फिरते
तो फक्त घाबरलेला नसतो.

मग नवा कागद. एकच पान, मोठं अक्षर.
रंग कसे सांगायचे यावर दोन तास गेले.
गुलाबी, लालसर, गडद —
कोणाचं गडद?
शेवटी लादी पुसता पुसता शेवंतामावशी म्हणाली,
कोकम सरबतासारखी असली तर पाणी प्या नि झोपा,
बिटाच्या रसासारखी झाली तर फोन करा,
गुठळ्या पडल्या तर निघून या.
तसंच छापलं.
समितीच्या यादीत मावशीचं नाव नाही.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन.
तो मी करते, वॉर्डच्या काच तडकलेल्या मोबाईलवरून.
ताप? थंडी? झोपतानाची गोळी घेतली?
पाणी किती?
इथं सगळे खोटं बोलतात.
टॅक्सीवाला सलाउद्दीन म्हणतो, तीन लिटर, सिस्टर.
खोदून विचारलं की हसतो:
प्यायलो तर गाडी कुठे लावू?
मुतारी दिसते तिथे नो पार्किंग,
पार्किंग मिळतं तिथे भिंत,
भिंतीवर देवांच्या टाइल्स.
डोंगरीची फिलोमिना संध्याकाळी पाचनंतर
घोटभरसुद्धा पीत नाही,
संडास खाली, जिन्यात दिवा नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?
समासात लिहिलं.

आकडा उतरला.
एकतीसचे एकोणीस, मग अकरा.
सरांनी आलेख भिंतीला लावला,
रेघ अशी उतरत होती
जशी एखादी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन जिना उतरते.

त्या अकरांत दिगंबर उंब्रे नव्हता.
दागिन्यांच्या शोरूमवर वॉचमन.
फोनवर म्हणाला, बरा आहे,
जरा थंडी वाजते, एसीची असेल.
मी एसीवर विश्वास ठेवला.
कागदावर आम्हीच लिहिलं होतं, घाबरू नका.
तो घाबरला नाही.
चौथ्या दिवशी बायकोने आणला
तेव्हा बीपी लागत नव्हतं.
नऊ दिवस आयसीयू.
वाचला.
घरी जाताना त्याने मला हात जोडले.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले,
आणखी एक ओळ हवी:
थंडी वाजली तर कशालाही दोष देऊ नका, या.
कोणीतरी म्हणालं, आकडा वाढेल.
सर काही बोलले नाहीत,
पेन माझ्याकडे सरकवलं.

वाढला. चौदा.
आलेखात आता एक उंचवटा आहे,
बाहेरून येणारे त्यावर बोट ठेवून विचारतात,
इथं काय बिघडलं?
मी सांगते, इथं तिघं जास्त आले,
एकाला खरंच ताप होता.

सात वाजले.
आज सहा नंबर आहेत.
पहिला लागत नाही.
पुन्हा लावते.